दोन आटे मागे

शनिवार, ६ सप्टेंबर १९९७

कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पोटाला काही झालेलं नाही, तुम्ही घाबरट आहात. ज्याची भीती वाटेल ते वहीत लिहून काढत जा. प्रत्येक भीती लिहायची तर वह्यांचं दुकान काढावं लागेल, म्हणून मोठी असेल तेव्हाच वही उघडायची असं ठरवलंय.

पहिली आजच आली. सासरेबुवांनी माझ्या गळ्यात एक बंदूक मारली.

आमचा हान्नू जन्मला तेव्हापासून सगळं घर त्यांना उक्की, म्हणजे आजोबा, म्हणतं. मीसुद्धा. नाव आर्मास, वय सत्याहत्तर. मार्चमध्ये सासूबाई गेल्या, तेव्हापासून तळ्यापलीकडच्या घरात ते आणि त्यांचा कुत्रा मुस्ती, दोघंच असतात. सकाळी लाकडं रचून द्यायला गेलो, तर बटाट्याच्या गोणपाटात गुंडाळलेली ही वस्तू त्यांनी माझ्यासमोर टाकली. सैन्याची जुनी रायफल. १९६०च्या सुमारास सैन्याने जुना माल विकायला काढला तेव्हा घेतलेली, पुढे कधीतरी नावेच्या शेडमधल्या तुळईवरून पडलेली. दस्ता तडकलाय, नळीवर गंज, आणि मागचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा, तर नाहीच.

"ही जोडून दे," ते म्हणाले.

"कशाला?"

"बंदूक कशाला असते?"

"उक्की, हिचा बोल्ट कुठाय?"

"तीस वर्षं प्लायवूडच्या कारखान्यात यंत्रं जोडतोयस. एक बोल्ट मिळत नाही तुला? का जावईबापू बंदुकीच्या तुकड्यांनाही घाबरतात?"

घाबरतात. पण तसं कबूल करायची सोय नाही. हा माणूस युद्धात तीन वर्षं खंदकात होता आणि मी गाईला वळसा घालून जातो, हे गावाला पाठ आहे.

"बर्फ टिकायच्या आत हवी," ते म्हणाले. "एकदा झाडायचीय. आणि सिनिक्काला बोलू नकोस. तिला उगाच काळजी."

बायकोपासून बंदूक लपवायची. म्हणजे एकात दोन भीत्या.

रविवार, २१ सप्टेंबर

दोन आठवडे गॅरेजात काम चाललंय. सिनिक्काला सांगितलंय की बोटीचं इंजिन उघडलंय. तिने आत डोकावून पाहिलं तर मी मेलो.

दस्ता बर्चच्या लाकडाचा आहे, पुढच्या भागात दोन तुकडे बोटांत बोटं अडकवावीत तसे सांधलेले. सांधा शाबूत आहे, तडा मागे आहे. त्यात सरस भरून शिकंज्यात ठेवला. गंज गरम पाणी आणि तेलाने उतरवला. दस्त्याला जवसाचं तेल आणि पाइनचं डांबर चोळलं, आता सगळं गॅरेज नव्या नावेसारखा वास मारतंय.

नळी आपल्याच देशात बनलेली, १९४२ची, वर चौकोनात सैन्याचा शिक्का. पण नळी ज्यात बसते तो पोलादी सांगाडा खालून साफ केला तर १८९४ साल निघालं, आणि अक्षरं फ्रेंच. हात धुऊन लांब जाऊन बसलो. शंभर वर्षांचं पोलाद. त्याच्या आत, माणसाच्या गालापासून चार बोटांवर, स्फोट करायचा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उक्कींकडे बटाटे काढले. मी, सिनिक्का, शेजारच्या टोइनीबाई. दर वर्षी पीक दोन ठिकाणी जातं, थोडं आमच्या तळघरात आणि बाकीचं त्यांच्या. या वर्षी म्हणाले, सगळं तुमच्याकडे न्या.

"बियाणं बाजूला काढू ना?" मी विचारलं.

"काही गरज नाही."

मला तर बरंच वाटलं. दर मे महिन्यात त्या शेतात माझी कंबर मोडते. टोइनीबाई मात्र घमेलं हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. म्हातारीला दुसऱ्याच्या शेताची काळजी फार.

निघताना उक्कींनी मला शेडमागे बोलावलं. "कुठवर आलंय?"

"बोल्ट मिळाला की झालं."

"मग लवकर मिळव." आणि मग, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू माणूस वाईट नाहीस, रेयो."

मला इतकं अवघडल्यासारखं झालं की गाडीचा हँडब्रेक न काढताच निघालो.

रविवार, १२ ऑक्टोबर

शहरातल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात जाऊन आलो. बायकोला सांगितलं, इंजिनाचे भाग आणतो. तिथे होल्गर असतो. समुद्रकिनाऱ्याकडचा, घरात स्वीडिश बोलणारा, जुन्या रायफलींची किंमत करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने बंदूक उलटीपालटी केली, आरशाने नळीत पाहिलं आणि हसला.

"फ्रान्समध्ये जन्म, रशियाच्या झारकडे नोकरी, आणि आपल्याकडे घरजावई," तो म्हणाला. "आपल्या सगळ्या अशाच. कोणाची हाडं, कोणाचं कातडं. लाजायचं कारण नाही. बोल्ट असता आणि त्यावर नळीवरचाच आकडा असता, तर अठराशे मार्क सहज."

"आणि दुसराच बोल्ट बसवला तर?"

"बाराशे. दस्त्याचं काम सुंदर केलंयस, नाहीतर हजार म्हटलं असतं."

त्याच्या टबात तेलकट बोल्ट पडले होते. त्यातला एक, रशियन, ऐंशी मार्कांना घेतला. शेजारचा एक दाढीवाला कानाशी येऊन पुटपुटला, आकडा घासून नवा ठोकून देतो, कोणाला कळणार नाही. मी होल्गरच्या मागे लपलो म्हटलं तरी चालेल.

पैसे मोजताना होल्गरने सहज विचारलं, "म्हातारा एवढी वर्षं गप्प होता. आत्ताच का हवीय त्याला?"

"जुन्या आठवणी असतील."

"तू विचारलंस?"

"असं कोण विचारतं?"

"खरंय," तो म्हणाला. "आपल्यात नाही विचारत." मग बोल्ट फडक्यात बांधत राहिला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज खरी भीती. नीट लिहितो.

बोल्ट बंद केला की काडतुसाच्या बुडामागे किंचित जागा उरते. ती जास्त असेल, तर गोळी सुटताना पितळ ताणून फाटतं आणि गरम वायू मागे, चेहऱ्यावर येतो. ती जागा तपासायला दोन गेज, म्हणजे काडतुसाच्या आकाराचे मापाचे पोलादी तुकडे, असतात. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर होत नाही, पण अगदी थोडक्यासाठी. बोटाने दाबला तर थांबतो, तळव्याने दाबला तर थांबेल की नाही, हे बघायची माझी हिंमत झाली नाही.

उक्की डावा डोळा मिटून नेम धरतात. म्हणजे उजवा गाल दस्त्याला टेकलेला. दिवसभर कारखान्यात मला तोच गाल दिसत होता. फोरमन म्हणाला, "रेयो, तुझा चेहरा प्लायवूडसारखा झालाय." मी म्हणालो, पोट.

रविवार, १९ ऑक्टोबर

वाळूच्या खाणीत बंदूक जुन्या टायरला बांधली, घोड्याला दोरी लावली आणि वीस मीटरवर लाकडाच्या ओंडक्यामागे पोटावर झोपलो. दोरी ओढायला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही व्यवस्थित उडाल्या. बंदूक जिथल्या तिथे, टायर जिथल्या तिथे. माझ्यापेक्षा दोघंही शांत. पण रिकाम्या पितळांच्या बुडाजवळ बारीक चमकदार रेघ आली आहे. ताणल्याची असू शकते. नसूही शकते. होल्गरला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "तीन झाल्या तर तीसही होतील. पण तुला वाटत असेल तर माझ्याकडे बोल्टचं दुसरं मुंडकं आहे, पुढच्या आठवड्यात टपालाने धाडतो."

पुढच्या आठवड्यात. तोवर बंदूक कोणाच्या हाती द्यायची नाही, असं ठरवलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

ठरवण्याला माझ्या घरात काय किंमत आहे ते दिसलं. सिनिक्का चर्चमध्ये असताना उक्की बसने आले. सोबत मासेमारीच्या गळांची लांबट पिशवी. "दे," म्हणाले.

मी म्हटलं, एक भाग यायचाय. म्हटलं, थोडी शंका आहे. त्यांनी बंदूक उचलली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, दस्त्याचा वास घेतला. इतकं हळुवार मी त्यांना फक्त मुस्तीशी वागताना पाहिलंय.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "शंका तुझ्यात आहे, हिच्यात नाही. आणि परवाना माझ्या नावावर आहे, जावईबापू. पोलिसांनी तुझ्या गॅरेजात पाहिली तर काय सांगशील?"

हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. पोलीस म्हटल्यावर माझे हात गार पडतात. मी म्हणालो, थांबा, फडक्याने पुसून देतो, आणि आत गेलो.

आत जे केलं ते फक्त या वहीला सांगतो. बोल्टच्या आतली पिन, जी आपटल्यावर काडतूस उडतं, मागच्या बोंडात आट्यांवर फिरते. ती दोन आटे मागे घेतली. आता बोल्ट सरकेल, घोडा दाबला की टक्क होईल, पण पिन काडतुसापर्यंत पोचणारच नाही. त्यांच्याबरोबर खाणीत जाईन तेव्हा दोन मिनिटांत सरळ करीन. तोपर्यंत ती काठी आहे.

"काडतुसं?" त्यांनी विचारलं.

"किती?"

"एकच पुरे."

पक्के कंजूष. पाच मागितली असती तरी दिली असती, काठीत काय फरक पडतो. पिशवीची चेन लावत ते म्हणाले, "शनिवारी सकाळी नऊला घरी ये. दार उघडंच असेल. तू एकटा ये. सिनिक्काला आणू नकोस."

शनिवारी मृतांचा दिवस, सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात. त्या दिवशी सकाळी बंदूक झाडायला नेणार म्हणजे म्हातारा अजबच. पण मी हो म्हणालो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दुकानात टोइनीबाई भेटल्या. हातात साखळी, साखळीला मुस्ती.

"आर्मासने दिला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, ठेव तुझ्याकडे. कधीपर्यंत ते नाही सांगितलं."

"म्हातारपणी फिरवणं जमत नसेल."

"काल दोन तास सरपण फोडताना पाहिलं मी त्याला." त्यांनी माझी बाही धरली. "रेयो, तू जातोस ना त्याच्याकडे?"

"शनिवारी."

"आधी नाही का जमत?"

सकाळपाळी आहे म्हणालो. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. पिन मागे आहे, बंदूक उडणार नाही, फुटणार नाही, हे शंभर वेळा मनाशी म्हटलं. मग ही कसली भीती, ते काही कळत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

रात्र फार झालीय, तरी लिहितो.

साडेतीनला पाळीवरून आलो तोच फोन वाजला. उक्की.

"ती उडत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, चोरी पकडली गेली. "तुम्ही माझ्याशिवाय झाडलीत? शनिवार ठरला होता आपला."

मग मी भडाभडा बोलत सुटलो. "उक्की, मीच केलंय ते. पिन मागे घेतली दोन आटे. मला भीती वाटत होती, फुटली तर तुमच्या चेहऱ्यावर येईल म्हणून. सांगायला हवं होतं. रागावू नका."

इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला.

"तू केलंस," ते म्हणाले.

"हो."

"बरं." मग ते म्हणाले, "मी कॉफी टाकतो. येतोस का?"

चौदा किलोमीटर मी बोलणी खायची तयारी करत गेलो. काय काय म्हणतील ते सगळं आधीच ऐकून घेतलं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की सासूबाई असतानाही नव्हतं. टेबलावर कागद एका रांगेत: बँकेचं पुस्तक, घराचे कागद, चर्चचा दाखला, सिनिक्काच्या नावाचं पाकीट, हान्नूच्या नावाचं पाकीट. एका चिठ्ठीवर नावांची यादी, वर लिहिलेलं: "दफनानंतर कॉफीला बोलवायचे." काळा सूट इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगलेला. खाली बूट, पॉलिश केलेले.

पाकिटांच्या रांगेत शेवटचं माझं होतं. मी ते उघडलं नाही. गरजच नव्हती. बटाटे, मुस्ती, एकच काडतूस, शनिवारी एकटा ये. हे सगळं मी स्वतःच्या हाताने या वहीत लिहून ठेवलं होतं, आणि मला फक्त गेज दिसत होता.

मी जमिनीवरच बसलो, चुलीला पाठ लावून.

"खुर्ची आहे," उक्की म्हणाले.

"इथेच बरंय."

त्यांनी कॉफीचा कप मला खाली आणून दिला आणि स्वतः बाकावर बसले. बंदूक सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीत टेकवून ठेवलेली होती. मी उठलो, बोल्ट काढला, काडतूस काढलं, दोन्ही कोटाच्या खिशात घातलं आणि परत येऊन बसलो. त्यांनी अडवलं नाही.

"टक्क झालं," ते म्हणाले. "मग खूप थंडी वाजायला लागली. मग तुझा राग आला. इतका राग मला मार्चपासून कशाचाच आला नव्हता."

"पुन्हा ओढलात का घोडा?"

"नाही. हातच उचलेना." ते कपात बघत होते. "शेत सोडलं, कुत्रा दिला, बटाटे दिले. वाटलं होतं, सगळं देऊन टाकलं की सोपं जाईल. तरी रोज सकाळ होतेच, रेयो. आणि अख्खा दिवस उरतो."

सत्तावीस वर्षांत मी या माणसाला कधी एक प्रश्न विचारला नव्हता. युद्धाबद्दल नाही, सासूबाई गेल्यावर नाही. आमच्याकडे यालाच मान देणं म्हणतात. मी बंदुकीचा प्रत्येक पेच उघडून पाहिला, आणि ती आणून देणाऱ्याला साधं बरंय ना, एवढंही विचारलं नाही.

मी भिंतीवरच्या फोनकडे गेलो.

"सिनिक्काला नको," ते म्हणाले.

"सांगणार."

"तिला घाबरतोस ना तू?"

"तुम्हा सगळ्यांना घाबरतो. तरी सांगणार."

तिला फोनवर तीन वाक्यं सांगितली. ती रडली नाही. म्हणाली, "बाबांना गाडीत बसव. इकडे आण. मी हान्नूची खोली आवरते." मग म्हणाली, "बोटीचं इंजिन, रेयो?" आणि मग रडली.

त्यांचं सामान मी बांधलं. सूट तिथेच टांगलेला ठेवला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शनिवारी तिघांनी मिळून सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वारा होता, तीनदा विझली. उक्की मधे उभे होते, आम्ही दोन बाजूंना. कोणी काही बोललं नाही. पण या वेळी ते न बोलणं वेगळं होतं, म्हणजे मला तसं वाटलं.

सकाळी होल्गरला फोन केला. बंदूक घेऊन जा, परवान्याचे कागद पोलिसांकडे मी करतो.

"किंमत बोल," तो म्हणाला.

"तू म्हणशील ती."

"अशी सुरुवात केली की माझा संशय वाढतो." मग हसणं थांबवून त्याने विचारलं, "म्हातारा बरा आहे ना?"

"बरा नाही," मी म्हणालो. हे वाक्य इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. होल्गर म्हणाला, मग मी आजच निघतो.

दहा वाजता उक्कींना दवाखान्यात घेऊन गेलो. सिनिक्का येणार होती, पण ते म्हणाले, रेयो पुरे. गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. रात्री पडलेला बर्फ अजून वितळला नव्हता.

"एक खरं सांग," ते म्हणाले. "पिन जागेवर असती, तर उडाली असती?"

खोटं बोलावंसं वाटलं. "उडाली असती. तीनदा उडाली होती."

"म्हणजे काम चोख होतं."

"हो."

पुढे दोन वळणं गेली.

"आणि आत्ता?" त्यांनी विचारलं. "आत्ता वाटतेय भीती?"

"वाटतेय."

"कसली?"

मला आयुष्यात हे कोणी विचारलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा वहीवर ढकललं. "तुमची," मी म्हणालो. "संध्याकाळी घरी आलो आणि तुम्ही खोलीत नसलात तर, याची. उद्याही वाटेल. किती दिवस वाटेल, सांगता येत नाही."

त्यांनी हातमोजे काढले, मांडीवर ठेवले आणि पुन्हा घातले.

"मलाही तीच वाटते," ते म्हणाले.

दवाखान्यासमोर गाडी लावली. पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर होता. मी त्यांचा दंड धरला. सोड, मी काय म्हातारा आहे का, असं म्हणतील म्हणून वाट पाहिली, पण ते काहीच म्हणाले नाहीत, आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत आम्ही तसेच गेलो.